येळवशीचं लंघन

गौराबाईच्या हातांची गावात ख्याती होती. कुणाचं पोट दुखलं, कुणाला ढाळ लागली, कुणी पोतं उचलताना कळवळून खाली बसलं, की माणसं डॉक्टरकडं जायच्या आधी तिच्या ओसरीला येत. ती त्यांना उताणं निजवायची, बेंबीवर अंगठा ठेवून ठोका कुठं लागतो ते बघायची आणि म्हणायची, "सरकली." बेंबी जागेवर आहे असं पोट तिला आजवर भेटलंच नव्हतं. मग तेलाचा हात, थोडं दाबणं, थोडं ओढणं, आणि शेवटी ठरलेला हुकूम: लंघन. अन्न नाही, औषध नाही, पाणी चमच्यानं.

"पोट म्हंजे पिसाळलेलं जनावर असतंय," ती सांगायची. "त्याच्या फुडं काय टाकाय जाऊ नये. आपोआप गप बसतंय."

बहुतेक पोटं दोन दिवसांत गप बसायचीसुद्धा, आणि तिचं नाव आणखी एका गल्लीत पोचायचं.

तिची सून शिवरंजनी मात्र तिच्या हाताला कधी गुण देत नव्हती. सहा वर्षांमागं, लेकीच्या, राजीच्या बाळंतपणात, तिचं रक्त इतकं गेलं की गोधडीतून जमिनीवर उतरलं. माय जगली, लेकरू जगलं, पण अंगावर दूध आलं नाही. मग केस विरळ झाले, अंग गार पडलं, पाळी गेली ती परत फिरलीच नाही. चुलीपुढं बसल्या बसल्या तिचा डोळा लागायचा. तव्यावर भाकरी करपायची आणि ही तिच्याकडं बघत राहायची, जणू शेजारणीची भाकरी करपतेय. गौराबाईनं तिला आळशी म्हणून बघितलं, नजर उतरवून बघितली, डिंकाचे लाडू चारून बघितले. शेवटी मल्लिकार्जुननं, गौराबाईच्या लेकानं, बायकोला उचलून सोलापूरच्या मोठ्या डॉक्टरकडं नेलं.

डॉक्टरनं सांगितलं, मेंदूच्या बुडाशी हरभऱ्याएवढी एक ग्रंथी असते, अंगातल्या बाकीच्या ग्रंथींना तीच हुकूम सोडते. बाळंतपणात रक्त गेलं तेव्हा ती वाळून गेली. आता अंग जो रस आपला आपण करायचं तो गोळीतून घ्यायचा, सकाळ-संध्याकाळ, जन्मभर. गोळ्या सुरू झाल्या आणि महिन्याभरात शिवरंजनी पहाटे उठून अंगण झाडायला लागली, गाणी म्हणायला लागली, उलटं बोलायलासुद्धा लागली. गौराबाईला फार बरं वाटलं. श्रेय तिनं लाडवांना दिलं.

सोलापूरहून आल्या आल्या शिवरंजनी म्हणाली होती, "आत्या, ही गोळी एक येळ बी चुकवायची न्हाय म्हणालेत. दुखणं आलं तर दुप्पट. उलटीत पडली तर लगेच सुई घ्यायची. न्हायतर माणूस हातचं जातंय म्हणे."

"सगळेच डॉक्टर असं म्हणत्यात," गौराबाई म्हणाली होती. "भ्या घातल्याबिगर त्यांची गोळी खपंल कशी?"

दोघी हसल्या होत्या. खरं तर एकटी गौराबाईच हसली होती.

यंदाच्या येळवशीला, वेळ अमावस्येला, मल्लिकार्जुनला पुण्याच्या कंपनीतून सुट्टी मिळाली नाही. सासू, सून आणि राजी, तिघींवर सण आला. त्या अमावस्येला सगळं गाव शेतात असतं. घरांना कुलपं, गल्लीत नुसती कुत्री, आणि शिवारात जागोजाग कडब्याच्या झोपडीवजा कोपी. कोपीत चुना लावलेले पाच दगड, म्हणजे पाच पांडव, आणि त्यांच्यापुढं भाज्या-दाण्यांची घट्ट भज्जी, बाजरीचे उंडे, कोंदीच्या गोड पोळ्या, मडक्यात आंबील. हा नैवेद्य दाखवल्याशिवाय घरच्या बाईनं तोंडात काही घालायचं नाही, हा गौराबाईच्या घराचा नेम. शिवरंजनीची सकाळची गोळी मात्र रोज उगवतीला, भाकरीच्या घासावर असायची.

"आत्या, घासभर खाऊन घेते. गोळीपुरतं."

"पांडवाच्या आदी?" गौराबाई भज्जी ढवळत होती. पातेलं एवढं मोठं होतं की त्यात लेकरू पोहलं असतं. "दुपारी घे की. गोळीला काय पाय फुटत्यात?"

शिवरंजनीनं गोळी परत पिशवीत ठेवली. तिनं आणखी एक गोष्ट सांगितली नाही, ती गौराबाईला फार उशिरा कळली. आदल्या सांजेपासून तिच्या बेंबीभोवती दुखत होतं, आणि संध्याकाळची गोळी गोठ्यामागं उलटीत पडली होती. सणाच्या तोंडावर सून आडवी झाली असं कुणी म्हणू नये, म्हणून तिनं राख ओढून ती झाकली आणि परत येऊन पुरण वाटायला बसली.

डोक्यावर नैवेद्याची पाटी घेऊन ती शेतापर्यंत चालली. बांधावर दोनदा थांबली. गौराबाई पुढून ओरडली, "चल गं, पांडव काय सांजच्याला जेवत्यात व्हय?" पूजा झाली, ज्वारीत आंबील शिंपडून झाली, आणि सूर्य डोक्यावर आल्यावर शिवरंजनीनं पोळीचा तुकडा तोडून गोळी घेतली. दुसरा घास तोंडात जायच्या आत ती कोपीमागं धावली. सगळं बाहेर पडलं. गोळीसुद्धा.

"झालं," गौराबाई पदर खोचत म्हणाली. "पाटी उचलताना सरकली असंल. चल, आत नीज."

कोपीत उजेड कडब्याच्या फटींतून पट्ट्यापट्ट्यांनी येत होता. शिवरंजनी उताणी झाली, गुडघे मात्र पोटाशीच राहिले. गौराबाईनं हातावर तेल घेतलं, बेंबीवर अंगठा टेकवला आणि सवयीनं उजवीकडं खाली सरकवला. तिथं पोट पोटासारखं नव्हतं. कातडीखाली फळी घातल्यासारखं ते घट्ट होतं. तिनं दाबलं, तशी शिवरंजनी ओरडली नाही. तिचा नुसता श्वास अडला आणि डोळे पांढरे झाले.

गौराबाईनं हात काढून घेतला. आजवर हजार पोटं या हाताखालून गेली होती, त्यांतलं एकही असं लागलं नव्हतं. पण बाहेरून माणसांचे आवाज आले, "गौरावैनी, हाव का?" पाव्हणे आले होते. येळवशीला आलेला माणूस जेवल्याशिवाय परत जाऊ द्यायचा नाही. तिनं तेलाचे हात लुगड्याला पुसले आणि तोंडातून आपोआप नेहमीचा शब्द निघाला.

"सरकली हाय. लंघन कर. निपचित पड."

"आत्या," शिवरंजनी हळू म्हणाली, "गोळी पडली. दुसरी द्या. दोन द्या. पिशवीत हायती."

"पोटात आग पडली, त्यात आनखी गोळ्यांची आग? एक दिस न्हाय घेतली तर काय आभाळ फाटतंय?"

"सोलापूरच्या डॉक्टरनी..."

"तो डॉक्टर हितं हाय का? म्या हाय हितं."

आणि सून उठून घेईल म्हणून तिनं गोळ्यांची पिशवी कोपीच्या आढ्याला, हात पोचणार नाही अशी खोचली. त्यात राग नव्हता. राजी आजारी असताना गूळ वर ठेवावा, तशी ठेवली.

पाव्हण्यांत हिंमतराव होते, पलीकडच्या शिवाराचे मोठे शेतकरी. आपली जीप घेऊन सकाळपासून कोपीकोपीतून जेवत आले होते आणि अजून थकले नव्हते. गौराबाई वाढत राहिली. भज्जीची तारीफ झाली. "सूनबाई दिसंना," कुणी म्हणालं. "पोट बिघडलंय, निजलीय," ती म्हणाली. प्रत्येक पंगतीमागं तिला आपल्या अंगठ्याला तो फळीसारखा कठीणपणा लागायचा. ती अंगठा बोटांत दाबून धरायची आणि पुढच्याला आंबील वाढायची. मधे एकदा कोपीत डोकावली. सून शांत पडली होती. कण्हत नव्हती, कूस बदलत नव्हती. लंघन लागू पडलं, असं तिनं स्वतःला सांगितलं.

ऊन उतरायला लागलं तेव्हा राजी कोपीतून बाहेर आली. "आज्जी, आई माझ्याशी बोलंना."

गौराबाई वाकून आत गेली. थंडीचं वारं सुटलं होतं, अंगावर शाल लागत होती, आणि शिवरंजनीची चोळी घामानं भिजली होती. कपाळाला हात लावला तर तो घाम विहिरीच्या पाण्यासारखा गार. ओठांचा रंग गेला होता. हाताच्या नखांखाली निळं दिसत होतं.

"रंजे. ए रंजे, माय."

शिवरंजनीनं डोळे उघडले. ते गौराबाईकडं नव्हतेच. "आत्या," ती जड जिभेनं म्हणाली, "दूध येईना वं. लेकरू रडायलंय. कुणाचं तरी दूध आना."

सहा वर्षांमागं, त्या रक्तानं भिजलेल्या गोधडीवर, पोरगी हेच बोलली होती, याच आवाजात. तेव्हाही हात असेच गार होते. तेव्हा गौराबाई दाराशी बसून तेहतीस कोटी देवांना हाका मारत होती. आज तिला एकाही देवाचं नाव आठवेना.

"हिंमतभावजी!" ती बाहेर येऊन किंचाळली. पंगतीतली माणसं हातातला घास हातात धरून उठली. "गाडी काढा. पोरगी चालली माझी."

राजीला शेजारच्या कोपीतल्या नागम्माकडं सोपवलं. चौघांनी शिवरंजनीला गोधडीत उचलून जीपच्या मागच्या बाकावर घातलं. गावातला डॉक्टर स्वतःच्याच शेतात गेला होता, कुठल्या ते कुणाला ठाऊक नव्हतं. "उमरग्यालाच जाऊ," हिंमतराव म्हणाले, आणि पोटावरचा पट्टा एक भोक सैल करून चाकामागं बसले. गौराबाईनं लेकाला फोन लावला. बंद. पाळीवर असला की कंपनी फोन कपाटात ठेवायला लावते, हे तिला माहीत होतं. तरी तिनं पुन्हा लावला. पुन्हा लावला.

गाडीवाट शिवारातून जात होती, आणि येळवशीचं शिवार कुणाला सुखासुखी जाऊ देत नाही. पहिल्याच वळणावर दोन गडी हात आडवे करून उभे.

"मालक, अशे कशे? घासभर जेवून जावा!"

"पेशंट हाय रं!"

"व्हय व्हय, सगळ्याच्या गाडीत पेशंट असतंय आज! उतरा!"

हिंमतरावांनी एक शिवी दिली. गडी हसले, त्यांना वाटलं आग्रहाला उत्तर आलं. गौराबाईनं खिडकीतून तोंड बाहेर काढलं. तिचं तोंड बघूनच ते दोघं बाजूला झाले. पुढच्या बांधावर एका म्हातारीनं न विचारता आंबिलीचा तांब्या आत सरकवला. तो गौराबाईच्या मांडीवर सांडला आणि सगळ्या गाडीत आंबूस वास भरला. त्याच्यापुढं बैलगाडी आडवी. त्याच्यापुढं ट्रॅक्टर, त्यात बायका गाणी म्हणत निघालेल्या. सगळं जग जेवून तृप्त झालं होतं आणि कुणालाच घाई नव्हती.

शिवरंजनीचं डोकं मांडीवर हलत होतं. गौराबाई तिचे तळवे चोळत राहिली. चोळणं तेवढं तिला येत होतं. तळवे गरम होईनात.

"आत्या... सुई."

"व्हय माय, देतील सुई. दवाखान्यात चाललो न्हवं का."

"ती न्हाय... माझी सुई..." पुढचे शब्द तोंडातच विरघळले.

गौराबाईनं ऐकलं, पण तिच्या डोक्यात ते वाक्य कुठं जाऊन बसेना. तिला एवढंच दिसत होतं की मघाशी हिचा श्वास आपल्या मनगटाला लागत होता, आता लागण्यासाठी मनगट नाकाशी न्यावं लागतंय.

उमरग्याला हमरस्त्यावरच्या दवाखान्यात एरवी पाय ठेवायला जागा नसायची. आज बाकडी मोकळी होती. ड्युटीवर डॉक्टर श्रावस्ती एकटीच होती, तिशीच्या आतली, बारक्या चणीची. तिनं शिवरंजनीला बघितलं आणि चहाचा कप न बघताच खिडकीत ठेवला. पुढची सगळी धावपळ गौराबाईनं भिंतीला पाठ लावून बघितली. दंडाला पट्टा, बोटाला चिमटा, दोन्ही हातांना सलाईन.

"बीपी वरचं साठ," सिस्टर म्हणाली. "खालचं लागंना, म्याडम."

"साखर?"

"पन्नासच्या आत."

"ग्लुकोज द्या. सलाईन पूर्ण मोकळं सोडा." डॉक्टरनं पोटाला हात लावला, अगदी हलका, आणि उजवीकडं खाली नेला. गौराबाईनं स्वतःचा अंगठा मुठीत लपवला. "अपेंडिक्स दिसतंय. सर्जनसाहेबांना फोन करा. ते कुठं आहेत?"

"शेतात हायती, म्याडम. येळवस."

"मग ताटावरून उठवा." तिनं वळून विचारलं, "आजी, कधीपासून दुखतंय?"

"आज सकाळपासून, म्याडम."

"काही औषध चालू आहे का? बीपीचं, शुगरचं, दम्याचं?"

"न्हाय," गौराबाई म्हणाली.

ती खोटं बोलली नव्हती. बीपी नव्हतं, शुगर नव्हती, दमा नव्हता. विचारलं त्याचं उत्तर दिलं.

एक बाटली संपली, दुसरी लागली. सिस्टर पट्टा फुगवायची, कान देऊन ऐकायची आणि मान हलवायची. डॉक्टर श्रावस्ती खाटेच्या पायथ्याशी उभी राहून रुग्णाकडं असं बघत होती, जणू हिशोबात कुठं चुकतंय ते तिला सापडत नव्हतं.

"एवढं पाणी गेलं तरी बीपी का उठत नाही?" ती अर्धं स्वतःशीच म्हणाली. "अपेंडिक्स आहे, पण एका दिवसात बाई एवढी खचत नाही. काहीतरी राहतंय. आजी, आधी कधी मोठं दुखणं? ऑपरेशन? बाळंतपण कसं झालं होतं?"

बाळंतपण हा शब्द आला आणि गौराबाईच्या डोक्यात जीपमधलं ते वाक्य येऊन जागेवर बसलं. माझी सुई. उलटीत पडली तर लगेच सुई. न्हायतर माणूस हातचं जातंय. कोपीच्या आढ्याला खोचलेली पिशवी तिच्या डोळ्यांपुढं आली, आणि तिच्याखाली उताणी पडलेली, हात वर न पोचणारी पोरगी.

भीती तिला दुपारपासून होती, पण ती पोरगी जाईल याची. आता दुसरी भीती उठली. पोरगी माझ्या हातानं जाईल, आणि ते मला या उजेडात, या हिंमतरावांच्या आणि सिस्टरच्या देखत म्हणावं लागेल. उद्या गावभर होईल. जिच्या हाताला गुण, तिनंच सून मारली. तिच्या मनात एक क्षण असंही आलं, की असंल दुसरंच काहीतरी, एवढीशी तर गोळी. तो क्षण फार मोठा वाटला तिला. सिस्टर पुन्हा पट्टा फुगवत होती.

"म्याडम," गौराबाई म्हणाली, "ती एक गोळी घेती. रोज. दोन येळा. आज उलटीत पडली, आनि दुसरी मागत होती, तर म्या दिली न्हाय. काढून ठिवली. लंघन हाय म्हनलं."

"कसली गोळी?"

"नाव न्हाय येत. पांढरी, बारकी. सोलापूरच्या डॉक्टरनी दिलेली. बाळंतपणात रगत लई गेलं, दूध आलं न्हाय, तवापासून. मेंदूच्या बुडाची ती हरभऱ्यावानी... ती वाळली म्हणाले. दुखण्यात दुप्पट करा म्हणाले, न्हायतर सुई." सगळं एका श्वासात आलं. इतकी वर्षं ज्याला ती हसत होती ते सगळं तिला पाठ होतं.

डॉक्टर श्रावस्ती शेवटपर्यंत ऐकायला थांबलीच नाही. "हायड्रोकॉर्टिसोन," ती सिस्टरला म्हणाली, "शंभर, शिरेतून, आत्ता." आणि स्वतःच कपाटाकडं धावली. बाटली फोडताना तिची बोटं भराभर चालत होती. सुई सलाईनच्या नळीत गेली. गौराबाई त्या नळीतून एक एक थेंब उतरताना बघत राहिली. आपण आता ओरडा खाणार असं तिला वाटत होतं, पण ओरडा आलाच नाही.

"आजी, इकडं बघा," डॉक्टर म्हणाली. "आपल्याला दुखणं आलं की आपलं अंग हा रस चौपट, पाचपट करतं. त्याच्यावरच बीपी टिकतं. हिचं अंग करतच नाही. हिला तो बाहेरूनच द्यायचा. पोटात टिकत नसेल तर सुईनं. पण द्यायचाच."

"आता ऱ्हाती का ती?"

डॉक्टरनं खोटा धीर दिला नाही. "बघू. थोडा वेळ द्या."

तो वेळ गौराबाईनं सुनेच्या पायाशी उभं राहून काढला. खिडकीबाहेर अंधारायला लागलं. दूर हमरस्त्यापलीकडच्या शेतांत माणसं कडब्याच्या पेटत्या पेंढ्या घेऊन बांधाबांधानं धावत होती, येळवशीची रीत म्हणून. दरवर्षी तिला ते बघायला आवडायचं. आज तिला वाटलं कुणीतरी काहीतरी हरवलेलं शोधतंय.

"सत्तर," सिस्टर म्हणाली. मग बऱ्याच वेळानं, "ऐंशी. म्याडम, खालचं लागतंय."

गौराबाईनं सुनेच्या अंगठ्याचं नख दाबून सोडलं. पांढरं झालं, आणि हळूच, अगदी नाखुशीनं, त्यात थोडं गुलाबी भरलं. ती भिंतीला टेकून खाली बसली. हिंमतरावांनी तिच्या खांद्याला हात लावायला हात पुढं केला आणि मागं घेतला. "चहा आनतो, वैनी," ते म्हणाले आणि डोळे पुसत बाहेर गेले.

शिवरंजनीनं डोळे उघडले. या वेळी ते खोलीत होते. "राजी जेवली का?" तिनं विचारलं.

सर्जनसाहेब आले ते भज्जीच्या वासासकट. पोट तपासून म्हणाले, रात्र नको करायला, लगेच घेऊ. "तोंडानं काही द्यायचं नाही आता. पाणीसुद्धा नाही."

गौराबाई ताडकन उठली. "म्हंजे लंघनच की वं हे! मग गोळी?"

"गोळी नाही," डॉक्टर श्रावस्ती मधे म्हणाली, "पण औषध शिरेतून चालूच राहणार. ऑपरेशनमधे, रात्रभर, उद्या. लंघन पोटाला, आजी. औषधाला नाही."

गौराबाईनं ते दोनदा म्हणवून घेतलं.

सर्जनसाहेबांनी हात धुता धुता सहज विचारलं, "पोट कुणी चोळलंय का हिचं?"

"म्या."

"अजून जरा जोर लावला असता तर फुटलं असतं." त्यांनी नळ बंद केला. "फुटलंय की नाही ते आत गेल्यावर कळंल."

शिवरंजनीला आत नेलं, दार लागलं, आणि तेवढ्यात फोन वाजला. मल्लिकार्जुन होता, मागं यंत्रांचा आवाज येत होता. त्यानं काय झालं ते ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "आई, तिची गोळी?"

उलटीत पडली, एवढं म्हटलं असतं तरी ते खरंच होतं. गौराबाईनं बंद दाराकडं बघितलं. "उलटीत पडली. दुसरी मागितली. म्या दिली न्हाय."

"निघतो," तो म्हणाला.

अपेंडिक्स फुटलं नव्हतं. फुटण्याच्या बेतात होतं. शिवरंजनीला बाहेर आणलं तेव्हा ती गुंगीत होती. गौराबाई रात्रभर त्या बाटलीखाली बसून राहिली. सिस्टर जरा हलली तरी ती तिला विचारायची, "ती सुई झाली का, माय? फुडची कवा?" शेवटी सिस्टर म्हणाली, "आजी, तुमी निजा, न्हायतर तुमालाच सुई देते."

तिसऱ्या दिवशी पेज सुरू झाली आणि सुयांच्या जागी गोळ्या आल्या, काही दिवस दुप्पट. मल्लिकार्जुन येऊन पोचला होता. आईशी लागेल तेवढंच बोलत होता. तो राजीला आणायला खाली गेला असताना सिस्टरनं गोळ्या खाटेजवळ ठेवल्या. गौराबाईनं दोन्ही गोळ्या पाकिटातून काढून तळहातावर घेतल्या, दुसऱ्या हातात पाण्याचा पेला घेतला आणि सुनेच्या तोंडाशी नेल्या.

शिवरंजनीनं तोंड उघडलं नाही. ती सासूच्या तळहाताकडं बघत होती, मग सासूच्या तोंडाकडं, मग परत तळहाताकडं. त्या डोळ्यांत राग असता तर गौराबाईला बरं वाटलं असतं. ती भीती होती. कोपीत उताणी पडून आढ्याकडं बघताना असेल तशी.

"ऱ्हाऊ द्या, आत्या," ती अगदी मऊ आवाजात म्हणाली. "म्या घेते. माझ्या हातानं."

गौराबाईनं गोळ्या सुनेच्या हातात दिल्या आणि ती वाट बघत बसली. शिवरंजनीनं त्या बोटांत फिरवून बघितल्या, एक एक करून जिभेवर ठेवल्या. मग पेल्यासाठी हात पुढं केला, आणि तो घ्यायच्या आधी वाकून आत बघितलं.

पेला जरा जड होता. सुनेला नीट बघता यावं म्हणून गौराबाईनं तो उजेडाकडं कलता करून धरला.